गच्चीवरची गळती

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. बोललं तसंच ठेवलं आहे, थोडी काटछाट केली आहे.)



संयोजकांनी मला 'तंत्रज्ञान आणि आपण' असा विषय दिला होता. मी वीस वर्षांहून जास्त काळ सॉफ्टवेअरमध्ये आहे, तेव्हा आता ही कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलणार असा बऱ्याच जणांचा समज झालेला दिसतोय. मी आईच्या गच्चीवरच्या सोलरबद्दल बोलणार आहे. त्यात माझी फजिती आहे, आणि ती आपल्याच वर्गातल्या एका मुलीनं निस्तरली. (मुलगी म्हणते आहे, कारण शाळेत आलो की आपण सगळ्या मुलीच.) नाव घ्यायचं नाही असं तिनं बजावलंय. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि आत्ता खाली बघते आहे.

गोष्ट २०२५च्या पाडव्याची. रविवारी, ३० मार्चला पाडवा होता. शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून हुतात्मा पकडली आणि रात्री जुळे सोलापुरातल्या घरी पोचले. आई शहात्तर वर्षांची, एकटी राहते. शनिवारी पहाटे पाच वाजता जाग आली, तर आई घरात नाही. जिन्याचा दिवा लागलेला. वर गेले तर ती गच्चीत, हातात अर्धा भरलेला तेलाचा डबा, आणि पायाखाली ओली फरशी.

सोलरच्या टाकीखाली थेंब थेंब गळत होतं. ती रोज रात्री झोपताना डबा लावायची आणि पहाटे रिकामा करायची. कधीपासून? "संक्रांतीपासून असेल." म्हणजे गड्ड्याची यात्रा झाली तेव्हापासून. मी रोज फोन करते. अडीच महिन्यांत एकदाही बोलली नाही. विचारलं तर म्हणाली, "तुला सांगून तू काय करणार होतीस तिथून? आणि पाणी वाया नाही जात, तुळशीला घालते."

आपल्या शास्त्राच्या सरांनी आठवीत शाळेच्या गळक्या नळाखाली उभं करून थेंब मोजायला लावले होते, आठवतंय? मला गच्चीत तेच आठवलं. सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाचे ८६,४०० थेंब. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर, म्हणजे दिवसाला चार लिटरच्या वर. पुण्यात कोणी याकडे बघणारही नाही. पण आपलं पाणी येतं उजनीहून, शंभरावर किलोमीटर प्रवास करून, आणि तेव्हा घरात यायचं चार-पाच दिवसांआड. दोन पाळ्यांमध्ये एक मोठी बादली भरून गेली. शिवाय ती बादली वाहणारी आई, अंधारात, ओल्या फरशीवरून. मला त्या फरशीची जास्त भीती वाटली.

मी ठरवलं, आजच दुरुस्त करायचं. आदल्याच आठवड्यात मी एक चित्रफीत पाहिली होती. युरोपातली एक बाई तिच्या मोटारहोममधल्या, म्हणजे चाकांवरच्या घरातल्या, बॉयलरचा गळका सांधा बदलते. दहा लिटरचा छोटा बॉयलर. तिनं पंपाचं बटण बंद केलं, एक झडप उघडून पाणी सोडलं, जुना सांधा काढला, नवा बसवला. सगळं दहा मिनिटांत, नखांचा रंगही न जाता. मी म्हटलं, ही करते तर मी का नाही? माझ्याकडे शिवाजी विद्यापीठाची २००२ची इंजिनियरिंगची पदवी आहे. (तेव्हा सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ नव्हतं, धाकट्या मंडळींसाठी सांगते.)

चित्रफितीतली एक गोष्ट मी नीट पाहिली नव्हती. तिथं पंपाचं बटण बंद केलं की पाणी थांबतं. आमच्या गच्चीवर पंप नव्हता, उंची होती. लोखंडी स्टँडवर हजार लिटरची काळी टाकी, तिच्या खाली सोलर. पाणी आपोआप उतरतं. उंचीला बटण नसतं.

आता सोलर कसा असतो ते दोन मिनिटांत सांगते, नाहीतर पुढची फजिती कळणार नाही. २०० लिटरची आडवी गोल टाकी आणि तिच्या पोटात खालून तिरप्या खोचलेल्या वीस काचेच्या नळ्या. प्रत्येक नळी दुहेरी काचेची, दोन काचांमध्ये निर्वात पोकळी, आपल्या थर्मासासारखी. आतल्या काचेवर काळा लेप असतो, तो ऊन शोषतो. नळीतलं पाणी तापून हलकं होतं आणि वर टाकीत चढतं, टाकीतलं गार पाणी खाली नळीत येतं. ना मोटर, ना वीज. नळी जिथं टाकीत शिरते तिथं सिलिकॉनची रिंग असते, तिच्यामुळे पाणी बाहेर येत नाही.

थेंब पडत होता तिसऱ्या नळीच्या तोंडाशी. मी खाली बसून मोबाइलच्या उजेडात बघितलं. रिंगेजवळून थेंब लोंबतो, मोठा होतो, पडतो. झालं निदान. रिंग गेली.

इथं एक कबुली. ऑफिसात नवीन मुलं येतात तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी त्यांना सांगते की स्क्रीनवर ज्या ओळीचा नंबर दिसतो त्या ओळीत चूक असेलच असं नाही, मागे जाऊन बघा. हे वाक्य मी शेकडो वेळा बोलले असेन. गच्चीत ते एकदाही आठवलं नाही.

नळी काढायची तर टाकी रिकामी करायला हवी. दोनशे लिटर कडकडीत पाणी टाकून कसं द्यायचं? आईनं शेजारच्या काकूंना हाक मारली, त्यांनी आणखी दोघींना. पाडव्याच्या तोंडावर घराघरात धुणं निघालेलंच असतं. सकाळी नऊ वाजता आमच्या गच्चीत चार घरच्या सोलापुरी चादरी भिजत होत्या. ते दृश्य इतकं छान होतं की मी फोटो काढून शाळेच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आज मी प्लंबर'. तुम्ही सगळ्यांनी अंगठे दिलेत. पुढं काय झालं ते मी टाकलं नाही.

अकराच्या सुमारास तिसरी नळी फिरवत फिरवत काढली. तिच्यातलं पाणी ओतलं आणि कठड्याला टेकवून ठेवली. उन्हात. रिंग बघितली तर चांगली होती, फाटलेली नाही, कडक झालेली नाही. तिथंच शंका यायला हवी होती. मी म्हटलं, काढलीच आहे तर नवीच बसवू. रिक्षा करून दुकानात गेले, दोन दुकानं फिरले, एक वाजता परत आले. नळीच्या काचेला हात लावला. गार. साबणाचं पाणी लावून नवी रिंग चढवली, नळी खोचली, शिडी चढून वरच्या टाकीचा चाकाचा वॉल पूर्ण उघडला आणि खाली जेवायला आले. टाकी भरायला वेळ लागणारच होता.

आईनं बाजरीची कडक भाकरी आणि शेंगांची चटणी काढली होती. दुसरा घास घेताना वर 'टण्' असा आवाज झाला. मला वाटलं शेजारच्या पोरांचा चेंडू. आई म्हणाली, "बघून ये गं." मी म्हटलं, "जेवू दे." वीस मिनिटांनी पावसाळ्यातल्यासारखं पन्हाळीतून पाणी कोसळायला लागलं.

वर गेले. तिसऱ्या नळीच्या जागी भोक होतं आणि त्यातून पाणी वाहत होतं. गच्चीभर काचा. पायात चप्पल होती म्हणून बरं. काचा चुकवत शिडीवर चढले आणि चाक फिरवायला लागले. चाकाच्या वॉलची गंमत माहिती आहे ना? पाव वळणात बंद होतो तो बॉल वॉल. चाकाचा वॉल फिरवत राहावा लागतो, आणि आमचा पंधरा वर्षं कोणी हलवलेला नव्हता. उघडताना कुरकुरला होता, बंद होताना रुसला. तो बंद होईपर्यंत वरच्या टाकीत वीतभर पाणी उरलं होतं.

पाणी आलं होतं मंगळवारी. आता येणार रविवारी रात्री, नाहीतर सोमवारी. खालच्या हौदानं तळ गाठलेला. उद्या पाडवा.

आई काचा गोळा करायला झाडू घेऊन आली. काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

ती नळी का फुटली हे मला नंतर कळलं, आणि मग स्वतःचीच लाज वाटली, कारण शाळेत थर्मास शिकवला होता. रिकामी नळी उन्हात ठेवली की आतली काळी काच दोनशे अंशांच्या वर जाऊ शकते, कारण उष्णता काढून न्यायला आत पाणीच नाही. पण मध्ये निर्वात पोकळी असल्यामुळे बाहेरची काच गारच लागते. मी हात लावला तो बाहेरच्या काचेला. आत तवा तापलेला होता आणि त्यावर मी गार पाणी सोडलं. ज्यानं सोलर उत्तम चालतो त्याच गुणानं मला फसवलं.

संध्याकाळी मी हिला फोन केला. तिसऱ्या रांगेतलीला. तिचं पाइप-फिटिंगचं दुकान आहे, वडिलांनंतर ती चालवते, हे मला माहीत होतं. तरी सकाळी तिला विचारावंसं वाटलं नव्हतं. आपल्या कार्यानुभवाच्या तासाला मुलांच्या हातात टेस्टर आणि मुलींच्या हातात सुई-दोरा असायचा. मी त्याबद्दल अनेक वर्षं भाषणं ठोकत आलेय. आणि पाइपाचं काम निघाल्यावर मलाही आपल्या वर्गातली बाई आठवली नाही, युरोपातली आठवली.

फोनवर पहिलं वाक्य, "फोटो बघितला तुझा सकाळी. तेव्हाच म्हटलं, ही आता काहीतरी फोडणार." दुसरं वाक्य, "बाकीच्या नळ्यांवर चादर टाकलीस का?"

मी नव्हती टाकली. बाकीच्या एकोणीस नळ्यांत पाणी होतं, प्रत्येकीत अडीच-तीन लिटर, पण वरची टाकी रिकामी. तसंच उन्हात राहिलं तर ते पाणी उकळायला लागतं, वाफ धरते, आणि पाणी आटलं की त्याही नळ्या कोरड्या तापतात. म्हणून टाकी रिकामी असेल तेव्हा नळ्या झाकायच्या. सकाळी चार घरच्या चादरी गच्चीत होत्या आणि त्यातली एकही योग्य जागी नव्हती.

सहा वाजता ती स्कूटरवर आली. हातात टॉर्च आणि एक पिशवी. फुटलेल्या नळीकडे तिनं बघितलंच नाही. टाकीच्या कडेनं टॉर्च आडवा धरला आणि म्हणाली, "हे बघ, पाण्यानं सही केलीय."

आपल्या पाण्यात क्षार किती ते सांगायला नको, सगळ्यांच्या बादल्या पांढऱ्या आहेत. पाणी जिथून जातं तिथं क्षाराची रेघ सोडतं. टाकीच्या टोकाला, वरच्या बाजूला, गरम पाणी बाहेर पडतं तिथं प्लास्टिकचा एल्बो होता. तिथून एक पांढरी रेघ निघाली होती, टाकीच्या पत्र्यावरून वळसा घेऊन पोटाखाली गेली होती आणि तिसऱ्या नळीच्या रिंगेपाशी, सगळ्यात खालच्या जागी, संपली होती. गळत होतं वर, टपकत होतं दोन हात लांब. माझी रिंग निर्दोष होती.

एल्बोला केसाएवढी चीर होती. तिनं मला बोटानं ती दाखवली आणि समजावलं. टाकीचा निपल लोखंडी, बाहेरून आटे असलेला. त्याच्यावर साध्या प्लास्टिकच्या आट्यांचा एल्बो चढवलेला. पूर्वी कोणीतरी तो गळायला लागला म्हणून टेफलॉन टेपचे वेढ्यावर वेढे देऊन पान्ह्यानं आवळला होता. आटे निमुळते असतात, म्हणजे लोखंड आत पाचरीसारखं जातं. जितकं आवळाल तितकं प्लास्टिक फाकतं. त्या दिवशी गळती थांबते, आणि चीर तिथंच सुरू होते. त्यात हा गरम पाण्याचा पाइप. रोज तापतो, रोज निवतो. हे पिवळट सीपीव्हीसी धातूपेक्षा किती तरी जास्त प्रसरण पावतं, पितळेच्या तिपटीहून अधिक. रोजच्या त्या ताणात चीर वाढत जाते. "गळायला लागलं की माणसं आवळतात," ती म्हणाली. "माझ्याकडं येणारे निम्मे एल्बो आवळून मेलेले असतात."

पिशवीतून तिनं दुसरा एल्बो काढला. दिसायला तसाच, पण तोंडात पितळी आट्यांची बांगडी बसवलेली. धातूवर धातू. मी खिशातली पट्टी काढून टाकीच्या निपलाचा व्यास मोजायला लागले, तेव्हा ती हसली. पाऊण इंची म्हणतात त्या आट्याचा बाहेरचा व्यास २६ मिलिमीटरच्या वर भरतो, एक इंचापेक्षा जास्त. जुन्या लोखंडी पाइपांच्या आतल्या भोकावरून पडलेली नावं आहेत ती, अजून चालू आहेत. आमच्या सॉफ्टवेअरमध्येही अशी नावं आहेत, पण ते राहू दे.

रविवारी पाडव्याला दुकानाची पूजा आटोपून ती परत आली. येताना ओळखीच्या व्यापाऱ्याकडून नवी नळी आणली होती. मुहूर्ताचा दिवस, दुकानं उघडी. चादर नळ्यांवर होतीच. पाइप कापायचं आणि टेप गुंडाळायचं काम तिनं माझ्याकडून करून घेतलं. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं गुंडाळायची, म्हणजे एल्बो फिरवताना ती उलगडत नाही, उलट बसत जाते. मी आधी उलटी गुंडाळली. एल्बो हातानं जाईल तितका फिरवायचा आणि मग पान्ह्यानं एखादं वळण, तोंड जिथं हवं तिथं येईपर्यंत. माझा हात पुढं जायला लागला की ती मनगट धरायची. "बास. थांब. आता त्याला सोड." पाइपाच्या टोकाला सोल्युशन लावून एल्बोत बसवलं, थोडा वेळ दाबून धरलं, आणि रात्रभर तसंच ठेवलं.

त्या पाडव्याचं अभ्यंगस्नान? आईनं माळ्यावरून तांब्याचा बंब काढला. मी लहानपणापासून पाहिलेला, चिंचेनं घासलेला. मधल्या नळकांड्यात करवंट्या पेटवायच्या, भोवतीचं पाणी तापतं. अख्ख्या यंत्राला एकच तोटी. पाणी शेजारच्या काकूंनी दिलं, दोन घागरी आणि एक बादली, स्वतःच्या हौदातून. त्यांच्याकडेही पाणी मंगळवारचंच होतं. त्या म्हणाल्या, "काल तुमच्या गरम पाण्यानं माझ्या चादरी निघाल्या की." हिशेब चुकता झाला असं त्यांनी दाखवलं. नव्हता झाला.

सोमवारी पहाटे साडेतीनला नळाला पाणी आलं. सोलापूरच्या माणसाला त्यासाठी गजर लागत नाही, गल्लीतल्या मोटरी सुरू झाल्या की जाग येते. हौद भरत आला तशी वरची टाकी भरली. नळ्या निवलेल्या होत्या आणि उजाडायला अवकाश होता. मी चाक थोडंसंच उघडलं आणि तिथून हलले नाही. आईनं चहा वर आणून दिला. एल्बोला, रिंगेला, प्रत्येक सांध्याला वर्तमानपत्राची एकेक पट्टी गुंडाळून ठेवली होती, हेही तिनंच सांगितलेलं. कुठं ओल धरली तर कागद लगेच सांगतो. टाकी भरली, सात वाजले, ऊन आलं, दुपारी पाणी तापलं, रात्री निवलं. कागद कोरडे. मंगळवारी पहाटे पुन्हा पाहिले. कोरडे. चाकाचा वॉल काढून तिथं बॉल वॉल बसवला आणि संध्याकाळच्या गाडीनं परतले.

तिनं पैसे घेतले, हे मुद्दाम सांगते. एल्बोचे, नळीचे आणि दोन फेऱ्यांच्या कामाचे. मी नको नको म्हणेल असं धरून चालले होते. ती म्हणाली, "तू तुझ्या कंपनीचं काम फुकट करतेस का?"

आता शेवटी एक कामाचं. इथं बसलेल्या आपल्यापैकी निम्म्यांचे तरी आई-वडील सोलापुरात आहेत आणि आपण बाहेर. आज घरी गेलात की गच्चीत जा. टाकीखाली डबा, तपेली, जुना टब असं काही ठेवलेलं आहे का बघा. ते फोनवर सांगणार नाहीत. दिसलं तर दुपारी हात घालू नका, आणि आवळू तर मुळीच नका. पांढरी रेघ कुठून निघते ते आधी शोधा. बाकी शंका हिला विचारा, पण जेवणानंतर. तिनं सकाळपासून काही खाल्लेलं नाही, आणि बाहेर पंगत बसायला लागली आहे.